बेभरवशाचा साक्षीदार : मूत्राशयाच्या परीक्षेचा इतिहास

आज मीं जो विषय बोलण्यासाठीं निवडला आहे, तो चारचौघांत काढण्यासारखा नव्हे असें कांहीं श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. तसें वाटलें तर मला त्याचें नवल वाटणार नाहीं. कारण तें वाटणें हाच या विषयाच्या इतिहासाचा पहिला अध्याय आहे. स्त्रियांना लघवी न आवरण्याचा जो विकार होतो, तो कांहीं दुर्मिळ नव्हे. दोनतीन बाळंतपणें झालेल्या आणि वयानें उतरणीला लागलेल्या पुष्कळ स्त्रियांना तो कमीअधिक प्रमाणांत असतो. तरुण स्त्रियांनाहि तो होतो. पण ज्या घरांत संधिवाताविषयीं, दम्याविषयीं, फार काय मूळव्याधीविषयींहि मोकळेपणानें बोललें जातें, त्याच घरांत याविषयीं चकार शब्द निघत नाहीं. रोग्यानें तोंडच उघडलें नाहीं, तर वैद्यानें निदान करावें कसें? आणि रोग्याच्या तोंडून जें निघत नाहीं, तें यंत्राच्या तोंडून वदवितां येईल काय? गेल्या दीडशें वर्षांत डॉक्टरांनीं हा खटाटोप कसकसा केला, आणि त्यांत त्यांना यश किती आलें, हें मी आज सांगणार आहें.

माझी एक मावशी आमच्या वाड्यांतच राहत असे. तिला कीर्तनाचें विलक्षण वेड. मी लहान असतांना ती मला बोटाला धरून देवळांत नेई आणि बुवांच्या अगदीं समोर बैठक मारी. पुढें पुढें ती खांबाच्या आड बसूं लागली. मग दाराशीं बसूं लागली. आणि एका चातुर्मासांत तिनें देवळांत जाणेंच सोडून दिलें. घरांत सगळ्यांनीं मिळून निकाल देऊन टाकला, कीं तिचा स्वभाव अलीकडे एकलकोंडा झाला आहे. खरें कारण तिच्या पश्चात् मला माझ्या आईकडून कळलें. ती एकदां एका डॉक्टरांकडे जाऊनहि आली होती. त्यांनीं न तपासतांच, वयोमानानें हें चालायचेंच, असें सांगून तिला परत पाठविलें. या मावशीकडे मला शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे, नाहींतर पुढील हकीकत कळणार नाहीं. मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. ती भरत जाते तेव्हां सैल होत जाते, म्हणून आंतील दाब फारसा वाढत नाहीं. बाहेर जाण्याची वाट, म्हणजे मूत्रमार्ग, स्त्रियांत अवघी तीनचार सेंटिमीटर लांबीची असते आणि ती एरवीं घट्ट मिटलेली असते. वाट मिटविणारा जोर जोंपर्यंत आंतील दाबाहून अधिक आहे, तोंपर्यंत थेंबहि गळत नाहीं. हा हिशेब बिघडण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिलींत ओटीपोटाच्या तळाचा आधार सैल झालेला असतो. स्त्री खोकली, शिंकली, किंवा तिनें भरलेली घागर उचलली, कीं पोटांतला दाब एकदम चढतो आणि मूत्रमार्गाला तो सोसवत नाहीं. दुसरींत आधार शाबूत असतो. पण मूत्राशयाचा स्नायूच मालकिणीची परवानगी न घेतां आकुंचन पावतो, आणि न्हाणीघर गांठण्यापूर्वींच घात होतो. पहिल्या प्रकारांत शस्त्रक्रियेनें आधार दिला तर गुण येतो. दुसऱ्या प्रकारांत ती शस्त्रक्रिया व्यर्थ जाते, आणि कधीं कधीं दुखणें पहिल्याहून वाढतें. तक्रार मात्र दोघींची एकच असते: 'लघवी आवरत नाहीं.' दोघींतला हा भेद ओळखणें हेंच सारें निदान. आणि तो भेद ओळखावयाला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

याशिवाय एक तिसरा आणि अतिशय भयंकर प्रकार आहे. अडलेल्या बाळंतपणांत मुलाचें डोकें दिवसचे दिवस अडकून राहिलें, कीं दाबानें मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधील पडदा सडतो आणि तेथें छिद्र पडतें. मग रात्रंदिवस संतत धार. हें दुखणें किती प्राचीन आहे तें पाहावयाचें असेल तर इजिप्तमध्यें जावें. तेथील अकराव्या राजवंशाच्या काळची, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची, हेनहेनित नांवाच्या राजघराण्यांतील स्त्रीची ममी डग्लस डेरी या शारीरशास्त्रज्ञानें तपासली, आणि तिच्या मूत्राशयाला असें मोठें छिद्र असल्याचें १९३५ सालीं प्रसिद्ध केलें. चार हजार वर्षें जें कोणाला बोलून दाखवितां आलें नाहीं, तें त्या वाळलेल्या देहानें सांगितलें. आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. पण त्या वर्णनाचा रोख मुख्यतः लघवी अडण्याकडे आहे, गळण्याकडे नाहीं.

या छिद्राचें नेमकें स्थान डोळ्यांनीं पाहण्याची सोय प्रथम अमेरिकेंत झाली, आणि ती ज्या रीतीनें झाली तें सांगतांना जीभ अडखळते. अलाबामा राज्यांतील माँटगोमेरी गांवीं जेम्स मॅरियन सिम्स नांवाचा डॉक्टर होता. १८४५ सालीं त्यानें एका चमच्याचा दांडा वाकवून त्याचें उपकरण केलें, आणि त्या योगें योनिमार्ग उघडून छिद्र स्पष्ट पाहतां येऊं लागलें. छिद्र दिसलें, तेव्हां तें शिवण्याचे प्रयोग सुरू झाले. हे प्रयोग ज्या स्त्रियांवर झाले त्या नीग्रो गुलाम होत्या. त्यांपैकीं तिघींचीं नांवें सिम्सनेंच लिहून ठेवलीं आहेत: अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारें तीस वेळां शस्त्रक्रिया झाली, आणि तीहि भूल न देतां. १८४९ सालीं चांदीच्या तारेचे टांके घातल्यावर तिचें छिद्र एकदांचें मिटलें. १८५२ सालीं सिम्सनें आपला निबंध छापला आणि तो जगप्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा २०१८ सालीं हलविण्यांत आला. त्याच्या उपकरणानें पुढें लाखों स्त्रियांचें कल्याण झालें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु गुलाम स्त्रीला नाहीं म्हणण्याचा अधिकारच नव्हता, हेंहि नाकारतां येत नाहीं. या दोन गोष्टींची वजाबाकी करून कांहीं शिल्लक काढावी असें मला वाटत नाहीं. दोन्ही तशाच राहूं द्याव्या.

पण ज्या स्त्रियांना छिद्र नाहीं आणि तरी लघवी गळते, त्यांचें काय? त्यासाठीं मूत्राशयाच्या आंत डोकावणें भाग होतें. फिलिप बोझिनी या जर्मन वैद्यानें १८०६ सालींच मेणबत्तीच्या उजेडावर चालणारें एक यंत्र करून पाहिलें होतें, पण तें मागें पडलें. मॅक्स नित्से यानें १८७९ सालीं व्हिएन्ना येथें जी दुर्बीण दाखविली तींत प्रकाशासाठीं प्लॅटिनमची तार तापवीत आणि ती थंड ठेवण्यासाठीं सभोंवार पाणी खेळवीत. खरी सुटसुटीत युक्ति काढली ती बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या हॉवर्ड केली यानें, १८९३ च्या सुमारास. त्यानें स्त्रीला गुडघे आणि छाती टेकून ओणवें केलें. या स्थितींत साधी नळी आंत घातली, कीं बाहेरची हवा आपोआप आंत शिरते आणि मूत्राशय फुग्यासारखा फुगतो. मग कपाळावरील आरशानें उजेड आंत टाकावा आणि पाहावें, इतकें सोपें. १९१४ सालीं केलीनें आणि त्याचा सहकारी डम यानें, मूत्राशयाला उघड इजा नसतांना होणाऱ्या गळतीविषयीं निबंध लिहिला. त्यांत मूत्राशयाचें तोंड सैल पडलेलें दिसतें असें सांगून तेथें टांके घालून तें आवळण्याची रीत दिली. पुढील कित्येक दशकें शस्त्रवैद्य याच रीतीनें टांके घालीत राहिले. ज्या स्त्रियांना गुण आला त्यांची नोंद झाली. ज्यांना आला नाहीं त्यांना तो कां आला नाहीं, हें मात्र दुर्बिणींतून दिसत नव्हतें. कारण दुर्बीण रूप दाखविते, वागणूक दाखवीत नाहीं.

वागणुकीचा शोध अगदीं निराळ्या दिशेनें चालला होता. इटलींत तुरीन येथें आंजेलो मोस्सो नांवाचा एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. माणसाच्या मनांतले भाव रक्ताभिसरणावर कसे उमटतात हें यंत्रानें टिपण्याचा त्याला छंद होता. त्यानें आणि पेल्लाकानी यानें १८८१-८२ च्या सुमारास मूत्राशयाच्या आकुंचनप्रसरणाचा आलेख काढण्याचे प्रयोग केले. त्यांतून दोन गोष्टी निघाल्या. एक अशी, कीं पिशवींत थोडें पाणी असो कीं अधिक असो, आंतील दाब जवळजवळ सारखाच राहूं शकतो. म्हणजे ही पिशवी रबराची नव्हे, ती जिवंत आहे आणि आपला ताण आपणच ठरविते. दुसरी गोष्ट त्याहूनहि विलक्षण. नुसता स्पर्श झाला, आवाज झाला, कीं मूत्राशय तत्काळ आकुंचन पावे. डोळ्याची बाहुली जितकी संवेदनशील, तितकाच मूत्राशय संवेदनशील आहे, अशी तुलना त्यांनीं केली; आणि मनाच्या क्षोभाचा स्त्रियांच्या मूत्राशयावर जो परिणाम होतो त्याकडेहि त्यांनीं लक्ष वेधलें. परीक्षेला बसणाऱ्या कोणत्याहि विद्यार्थ्याला हें शास्त्रज्ञानें सांगावयाला नको! पण पुढें या शोधाला जें महत्त्व आलें, तें त्या दोघांनाहि त्या वेळीं कल्पनेंत नसेल.

दाब मोजण्याची ही विद्या प्रयोगशाळेंतून रुग्णालयांत यावयाला बराच काळ लागला. १९२७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील डॉ. रोझ यांनीं मूत्राशयाचा दाब मोजणारें एक सोयीचें यंत्र प्रसिद्ध केलें आणि त्याला 'सिस्टोमीटर' हें नांव दिलें. नळीनें हळूहळू पाणी भरावयाचें, किती भरलें तें पाहावयाचें, आणि त्या त्या वेळीं दाब किती तें टिपावयाचें. पाण्याचा उभा स्तंभ किती सेंटिमीटर चढला, त्यावर दाबाचा हिशेब. १९३३ सालीं लंडनमध्यें डेनी-ब्राउन आणि रॉबर्टसन यांनीं याच मार्गानें दाखविलें, कीं लघवी होते ती मूत्राशयाच्या स्वतःच्या आकुंचनानें. पोटाचा जोर लावणें हें त्याचें मूळ कारण नव्हे. मात्र हीं यंत्रें बहुतेक मज्जारज्जूच्या रोग्यांसाठीं वापरलीं जात. ज्या स्त्रियांचे मज्जातंतु चांगले, त्यांच्या गळतीशीं दाबाचा संबंध असेल असें स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटत नव्हतें. त्यांचा विश्वास होता बोटांवर.

बोटांची ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत व्हिक्टर बॉनी नांवाचा नामांकित शस्त्रवैद्य होता. दिवसा होणाऱ्या स्त्रियांच्या गळतीविषयीं त्यानें १९२३ सालीं लिहिलें आणि मूत्राशयाच्या मानेचा आधार सुटणें हें तिचें कारण ठरविलें. पुढें त्याच्या नांवानें एक परीक्षा रूढ झाली. स्त्रीला खोकावयाला सांगावें. गळती झाली, कीं मग दोन बोटें आंत घालून मूत्रमार्गाच्या दोहों बाजूंस मूत्राशयाची मान वर उचलून धरावी, आणि पुन्हां खोकावयाला सांगावें. या वेळीं गळलें नाहीं तर शस्त्रक्रियेनें गुण येणार असें समजावें. परीक्षा सोपी, बिनखर्ची आणि पाहणाराची खात्री पटविणारी. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या ती शिकल्या. १९८३ सालीं अमेरिकेंत भाटिया आणि बर्गमन या दोन डॉक्टरांनीं ही परीक्षा चालू असतांना मूत्रमार्गांतील दाब मोजून पाहिला. तेव्हां असें आढळलें, कीं बोटें मानेला आधार देत नसून मूत्रमार्ग सरळ चिमटून बंद करीत आहेत. नळाची तोटी अंगठ्यानें दाबून धरावी आणि तोटी दुरुस्त झाली म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार! साठ वर्षें ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आली नाहीं. कारण बोटाला दाब देतां येतो, मोजतां येत नाहीं.

बोटांच्या जोडीला आतां क्ष-किरणें येत होतीं. रोंटजेनचा शोध १८९५ चा. मूत्राशय मऊ मांसाचा, म्हणून त्याची छाया साध्या क्ष-किरणांत नीट उमटत नाहीं. आंत क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य भरावें लागतें. जर्मनींत फोल्कर आणि लिख्टेनबर्ग यांनीं १९०५ सालीं चांदीचें एक द्रव्य भरून असें चित्र घेतलें. पुढें अधिक निर्धोक द्रव्यें निघालीं, आणि चाळीस-पन्नास वर्षांनीं स्त्रीरोगतज्ज्ञांनीं हें साधन मोठ्या हौसेनें हातीं घेतलें. १९५२ सालीं लिव्हरपूलच्या जेफकोट आणि रॉबर्ट्स यांनीं एका बाजूनें घेतलेल्या चित्रांवरून सांगितलें, कीं निरोगी स्त्रींत मूत्राशयाचा तळ आणि मूत्रमार्ग यांच्यामध्यें मागील बाजूस जवळजवळ काटकोन असतो. खोकल्यासरशी गळती होणाऱ्या स्त्रींत तो कोन नाहींसा होऊन सारी रचना नरसाळ्यासारखी होते. १९५३ सालीं डेट्रॉइटच्या हॉजकिन्सन यांनीं मूत्रमार्गांतून आंत बारीक मण्यांची धातूची सांखळी सोडली, म्हणजे मार्गाची रेषा चित्रांत ठसठशीत उमटावी. दिव्याचा खटका ओढण्यासाठीं पूर्वीं ज्या मण्यांच्या सांखळ्या असत, तशीच ही सांखळी. स्त्रीला उभें करून, एकदां स्वस्थ आणि एकदां कुंथावयाला लावून चित्र घ्यावयाचें. मग पट्टी आणि कोनमापक घेऊन डॉक्टर त्या चित्रावर भूमिति सोडवीत बसत.

या भूमितीचा कांहीं काळ मोठा बोलबाला झाला. दिसावयाला ती सुंदर होती, आणि जें सुंदर दिसतें तें खरें मानण्याचा मोह शास्त्रज्ञांनाहि होतो. परंतु जसजशीं चित्रें वाढत गेलीं तसतसें ध्यानांत आलें, कीं ज्यांना कसलीहि तक्रार नाहीं अशा कित्येक बाळंतिणींचाहि कोन नाहींसा झालेला असतो; आणि ज्यांचा कोन अगदीं पुस्तकांतल्यासारखा, अशांपैकीं कांहीं बिचाऱ्या भिजत असतात. चित्रानें जागा दाखविली, पण कारण दाखविलें नाहीं. गळती ही एका क्षणाची घटना आहे. स्तब्ध चित्रांत तो क्षण सांपडेलच असा नेम काय?

येथें हॉजकिन्सन यांच्या प्रामाणिकपणाचें मला कौतुक वाटतें. सांखळीची रीत ज्यांनीं रूढ केली, त्यांनींच आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ सालीं असा निबंध लिहिला, कीं वरवर पूर्ण निरोगी दिसणाऱ्या कांहीं स्त्रियांत गळतीचें कारण मूत्राशयाचें स्वैर आकुंचन हें असतें, आणि तें दाब मोजल्याशिवाय कळत नाहीं. खोकला हें निमित्त मात्र. स्त्री खोकते; तो धक्का मूत्राशयाला उठवितो; आणि क्षणभरानें तो स्वतःच आकुंचन पावून गळतो. पाहणाराला वाटतें, खोकल्यानेंच गळलें. अशा स्त्रीवर आधाराची शस्त्रक्रिया केली तर काय होणार, तें वर सांगितलेंच आहे. केलीच्या काळापासून ज्यांना गुण आला नव्हता, त्यांच्यापैकीं कित्येकींचें उत्तर या ठिकाणीं होतें.

त्याच सुमारास, १९६१ सालीं, स्वीडनमधील एनहॉर्निंग यांनीं मूत्राशय आणि मूत्रमार्ग या दोहोंतील दाब एकाच वेळीं नोंदवून एक जुनें कोडें सोडविलें. खोकल्याचा दाब मूत्राशयावर येतो तर निरोगी स्त्रीला गळती कां होत नाहीं? कारण मूत्रमार्गाचा वरचा भाग पोटाच्या दाबाच्या क्षेत्रांतच असतो. जो धक्का पिशवीला बसतो तोच त्यालाहि बसून तो अधिक मिटतो. आधार सुटून तो भाग खालीं घसरला, कीं धक्का पिशवीला बसतो आणि वाटेला बसत नाहीं. आधार देण्याच्या शस्त्रक्रियेनें गुण कां येतो याचें हें पहिलें समाधानकारक उत्तर, आणि तें चित्रांतून न येतां दाबाच्या आलेखांतून आलें.

आतां राहिलें होतें तें चित्र आणि दाब यांची गांठ घालून देणें. ती गांठ योगायोगानें बॉनीच्याच मिडलसेक्स रुग्णालयांत नीट बसली. पॅट्रिक बेट्स, व्हाइटसाइड आणि रिचर्ड टर्नर-वॉर्विक यांनीं १९७० सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. मूत्राशयांत साधें पाणी न भरतां क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य भरावयाचें. एक बारीक नळी मूत्राशयांत, दुसरी गुदद्वारांत. दुसरी कशाला? तर पोटांतला दाब कळावा म्हणून. मूत्राशयाच्या दाबांतून पोटाचा दाब वजा केला, कीं जें उरतें तें मूत्राशयाच्या स्नायूचें स्वतःचें कर्तृत्व. समजा, खोकल्याबरोबर मूत्राशयाचा दाब ६० सेंटिमीटर पाण्याइतका वाढला आणि पोटाचाहि ६० नेंच वाढला, तर बाकी शून्य. मूत्राशय निर्दोष, आधारांत खोट. पण पोटाचा दाब जागच्या जागीं असतां मूत्राशयाचा ३० नें वाढला, तर चोर घरांतलाच आहे. तिकडे पडद्यावर क्ष-किरणांचें हलतें चित्र, त्याच्या जोडीला दाबाच्या रेषा, आणि लघवीच्या धारेचा वेग मोजणारें यंत्र. हें सारें एकाच फितीवर. ज्या क्षणीं थेंब सुटला त्याच क्षणीं आंत काय चाललें होतें, हें स्पष्टपणें डोळ्यांसमोर आलें. मूत्राशय हा भरंवशाचा साक्षीदार नव्हे, अशा अर्थाचें बेट्स यांचें एक वाक्य तेव्हांपासून या शास्त्रांत म्हणीसारखें झालें आहे. त्याचा भावार्थ असा, कीं रोग्याला जें जाणवतें आणि आंत जें घडतें, त्यांचा मेळ नेहमीं बसत नाहीं.

या वाक्यावर मला थोडें थांबावेंसें वाटतें. साक्षीदार बेभरवशाचा खरा. पण पुष्कळ ठिकाणीं त्याचा अर्थ 'बाई काय सांगते याला किंमत नाहीं' असा घेतला गेला. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर साक्षीदाराची उलटतपासणी करण्याऐवजीं त्याला न्यायालयाबाहेरच काढलें गेलें. दिवाणी दाव्यांतसुद्धां असें होत नाहीं.

१९७१ सालीं एक्झेटर येथें या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था एरिक ग्लेन यांच्या पुढाकारानें निघाली आणि १९७६ पासून तिनें संज्ञांना नियम घालून दिले, म्हणजे लंडनचा आलेख टोकियोच्या डॉक्टरांना वाचतां यावा. आरंभीं स्वैर आकुंचन कशाला म्हणावें याची मर्यादा १५ सेंटिमीटर पाणी अशी ठरली होती. पुढें ती गाळण्यांत आली, कारण त्याहून कमी दाबाचें आकुंचनहि स्त्रीला पुरेसा त्रास देतें असें दिसून आलें. पण या सर्व सामग्रींत एक न सुटणारी अडचण शिल्लक होती, आणि ती मोस्सोनें नव्वद वर्षांपूर्वींच सांगून ठेवली होती. परक्या खोलींत, परक्या माणसांसमोर, नळ्या घालून बसविलेल्या, आणि 'आतां लघवी करा' असें सांगितलेल्या स्त्रीचा मूत्राशय घरच्यासारखा कसा वागेल? डोळ्याच्या बाहुलीइतका संवेदनशील अवयव तो! कित्येकींना त्या खोलींत धार सुटतच नाहीं. कित्येकींचा जो खोडकरपणा रोज घरीं चालतो तो नेमका त्या अर्ध्या तासांत गप्प बसतो. निदान न झालें म्हणून रोग नाहीं असें म्हणतां येत नाहीं, हें पुढें डॉक्टरांनींच मान्य केलें.

म्हणूनच घरगुती वळणाच्या एका परीक्षेविषयीं मला विशेष आदर वाटतो. लिव्हरपूलच्या सदरस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं गळतीचें प्रमाण मोजण्यासाठीं तराजू पुढें केला. स्त्रीनें कापसाची घडी वापरावयाची. ती आधीं आणि नंतर तोलावयाची. वाढलेलें वजन म्हणजे गळती. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें पुढें या परीक्षेचा एक तासाचा नियमच करून दिला. ५०० मिलिलिटर पाणी प्यावें, चालावें, जिना चढावा, दहा वेळां उठाबशी करावी, दहा वेळां जोरानें खोकावें, एक मिनिट जागच्या जागीं धांवावें, पांच वेळां वांकून जमिनीवरची वस्तु उचलावी, आणि शेवटीं वाहत्या पाण्याखालीं एक मिनिट हात धुवावे. तासाभरांत एका ग्रॅमहून अधिक वजन वाढलें तर गळती आहे असें धरतात. यांतलें एकहि काम असें नाहीं कीं जें आपल्या घरच्या बाया दिवसांतून वीस वेळां करीत नाहींत. कोट्यवधि रुपयांच्या यंत्रांच्या मेळ्यांत हा तराजू मला फार शहाणा वाटतो.

ध्वनिलहरींनीं चित्र घेण्याची विद्या, जिला आपण सर्वजण सोनोग्राफी म्हणतों, ती १९८० पासून या क्षेत्रांत आली, आणि सांखळी व कोनमापक अडगळींत गेले. बाहेरूनच यंत्र टेकवून मूत्राशयाची मान खोकतांना किती घसरते तें दिसतें. क्ष-किरणांचा संसर्ग नाहीं, नळी नाहीं. लघवी झाल्यावर आंत किती उरली, हेंहि दोन मिनिटांत कळतें. नंतरच्या चुंबकीय चित्रांनीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायु कोठें फाटले आहेत तेंहि दाखविलें. याविषयीं अधिक बोलत नाहीं. चित्रें अधिकाधिक सुबक होत गेलीं, पण चित्रांची जुनी मर्यादा त्यांनाहि आहेच.

मग अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं एक धीट प्रश्न विचारला. ज्या स्त्रीची गळती साध्या खोकल्यानेंच होते, तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती तशी दिसतेहि, पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली नाहीं, दुसरी गुंतागुंत नाहीं, तिच्या बाबतींत शस्त्रक्रियेपूर्वीं या दाबाच्या परीक्षेनें कांहीं अधिक साधतें काय? ६३० स्त्रिया या पाहणींत घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा दैवावर सोडून त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची शस्त्रक्रियेपूर्वीं सारी दाबपरीक्षा झाली. दुसऱ्या गटाची केवळ साधी तपासणी झाली: विचारपूस, खोकल्याची परीक्षा, उरलेल्या लघवीचें मोजमाप. वर्षभरानें पाहिलें तेव्हां पहिल्या गटांत ७६.९ टक्के आणि दुसऱ्या गटांत ७७.२ टक्के स्त्रियांना गुण आलेला होता. २०१२ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि ज्यांनीं आयुष्यभर आलेख वाचले होते त्यांच्यांत मोठी खळबळ उडाली.

याचा अर्थ यंत्रें फुकट, असा कोणी घेईल तर ती चूक होईल. ज्या स्त्रीची एकदां शस्त्रक्रिया फसली आहे, जिला मज्जातंतूंचा रोग आहे, जिची लघवी सुटतहि नाहीं आणि आवरतहि नाहीं, जिच्या सांगण्याचा आणि तपासणीचा मेळ बसत नाहीं, तिच्यासाठीं अशी दाबपरीक्षा आजहि लागते. पण साधी गोष्ट साधेपणानें ओळखतां येते, हें कळावयालासुद्धां आधीं तो सारा खटाटोप व्हावा लागला. बेट्स यांच्या पडद्यावर दोन रोग वेगळे दिसले नसते, तर कोणत्या प्रश्नानें ते वेगळे काढावयाचे, हें विचारणाऱ्याला उमगलें नसतें. आतां चांगले डॉक्टर प्रथम तीन दिवसांची टिपणवही लिहावयाला देतात: किती वाजतां पाणी घेतलें, किती वाजतां लघवी झाली, गळली तेव्हां काय करीत होतां. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

तो प्रश्न माझ्या मावशीला कोणीं विचारला असता तर? हें सारें वाचीत असतांना मला आमच्या वाड्याचा चौक आठवला. सकाळीं म्युनिसिपालिटीच्या नळाला पाणी येई, आणि कोणीं घागर लावली, कीं मावशी हातांतला तांदुळाचा सूप तसाच खालीं ठेवून लगबगीनें मागील दारीं निघून जाई. आम्ही मुलें तिच्या या घाईला हंसत असूं. खोकतांना तिला मीं कधीं अवघडलेली पाहिली नाहीं; खोकला तर तिला बारमास होता. बाहेरून येतांना दाराचें कुलूप उघडेपर्यंतहि तिला धीर निघत नसे. म्हणजे तिचा आधार सुटलेला नव्हता. तिचा मूत्राशयच भित्रा होता. लघवीच्या वेळा हळूहळू लांबविण्याची संवय लावून आणि साध्या औषधांनीं या प्रकाराला पुष्कळ उतार पडतो. तिला शस्त्राची गरज नव्हती.

देवळाच्या दाराशीं पाय धुण्यासाठीं एक नळ होता. मावशीनें शेवटीं जी जागा धरली होती, ती त्या नळापासून चार हातांवर होती.